हँडबिलात आता बदल नाही

लालबाग, ६ मार्च १९५८

तीर्थरूप दत्ताराम भावोजींस,

रामदासाचा साष्टांग नमस्कार. खोकला कसा आहे? (छापखान्यातली नोकरी सोडा म्हणत नाही, निदान विडी तरी सोडा.) ताईला सांगा, तिचा भाऊ खुशाल आहे, पण नाट्यमंडळाचा चिटणीस झाल्यापासून त्याला शत्रू फार झालेत.

गेल्या साली आमचं हँडबिल तुमच्या मशीनवर चढेपर्यंत ज्याने त्याने त्यात हात घातला, आणि त्या गडबडीत शनिवारचा रविवार छापला गेला. शनिवारी आम्ही रिकाम्या खुर्च्यांपुढे रडलो. म्हणून यंदा मी ठरावच करून घेतला: नाटकावर सरकारी परवानगीचा शिक्का बसला की नाटकात आणि हँडबिलात काना-मात्रेचाही बदल नाही. अपवाद एकच, जे न बदलल्याने खेळ बुडेल तेवढंच बदलावं.

शिक्का बसला त्याच संध्याकाळी माझ्या दारात रांग. लवूला आपलं नाव जाड टायपात हवं. (राजाचं काम करतो म्हणून काय झालं, मिलमध्ये आम्ही एकाच खात्यात!) कुशाबाला 'लालबाग, मुंबई' खोडून 'लालबाग, संयुक्त महाराष्ट्र' हवं. भावोजी, मलाही तेच हवंय, मोर्चात मीही लाठी खाल्लीय. पण म्हटलं, बाबा रे, राज्य येऊ दे, मी स्वतः ताशे लावून नवी हँडबिलं वाटीन. चिटणीस झालास की कलेक्टर, असं विचारून गेला.

शेवटी बुधाजीकाका आले. वीस वर्षं विंगेत बसून आम्हाला वाक्यं सांगतात, पण नाव एकदाही छापलेलं नाही. म्हणाले, "रामा, माका एक ओळ होयी रे. नातवाक दाखवीन म्हणतंय." मी त्यांना ठराव वाचून दाखवला. "बरा तर," म्हणाले आणि जिना उतरले.

काल ते तालमीला आले नाहीत. दुसऱ्या अंकात राजा अडला, प्रधान अडला. मी भालदार, मला एकच वाक्य, तेही गेलं. पाव तास तिघं एकमेकांची तोंडं बघत उभे होतो. घरी आलो, जेवण गेलं नाही.

बाकी ठीक. माया आहे तशी असू द्या.

आपला,
रामदास

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी: 'प्रॉम्प्टर: बुधाजी परब' ही ओळ घाला. ठरावाला धरूनच सांगतोय, ती नसली तर खेळ बुडेल. प्रूफ लगेच पाठवा, ते घेऊनच काकांकडे जाईन. नुसतं तोंड घेऊन जायची लाज वाटते.

ता. क. दुसरा: जागा नसेल तर चिटणीसाचं नाव तळाशी बारीक टायपात घ्या.

ता. क. तिसरा: वरचं खोडत नाही (ठराव!), पण चिटणीसाची ओळ काढूनच टाका. कालच्या तालमीत चिटणीस हजर होता, त्याचा कुणालाच उपयोग झाला नाही.