दहावं घर

लातूर,
१२ जानेवारी २००४

प्रिय सिंधुताई,

शबानाचा सलामही घे आणि नमस्कारही. दहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही, तेव्हा कुठली शबाना म्हणून विचारशील. भूकंपानंतर किल्लारीला तंबूतल्या दवाखान्यात होती ती कंधारची नर्स, काडीसारखी. आता काडी राहिलेली नाही.

इकडं सगळं छान आहे. मोहसीनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, झेरॉक्सचं दुकान क्लासेसच्या गल्लीत आहे आणि पोरांच्या नोट्सवर मजेत चालतं. आणि मला फेलोशिप मिळाली! आमच्या इस्पितळात आजवर संशोधन डॉक्टरांनी करायचं आणि आम्ही त्यांचे कागद सांभाळायचे. यंदा पहिल्यांदाच नर्सेसकडून अर्ज मागवले. सहा महिने प्रशिक्षण, पगार चालू, आणि प्रत्येकीचा स्वतःचा एक अभ्यास. मोहसीन म्हणतो, "अख्खं लातूर बारावीचा अभ्यास करून राहिलंय, त्यात आता माझी बायकोपण." चिडवतो, पण प्रश्नावल्यांचे सगळे कागद त्यानंच काढून दिले.

माझा विषय ऐकून हसशील. बायांची झोप. सिमेंटची नवी घरं मिळाली तरी कितीतरी वर्षं तुम्ही धान्य घरात ठेवलंत आणि बाजा अंगणात टाकल्यात. अजून कोण बाहेर झोपतं, का झोपतं, ते विचारायचं. त्यासाठी नोव्हेंबरात मी तुझ्या गावात आले होते.

होय, आले होते.

नियम असा, की यादीतलं दर दहावं घर घ्यायचं. आपली आवडनिवड चालत नाही. घराला कुलूप असेल तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, आणि तरी कुणी भेटलं नाही तरच शेजारचं घर घ्यायचं. चौथ्या गल्लीत दहावं घर निघालं ते तुझं.

दार उघडं होतं. मी तशीच पुढं गेले आणि शेजारच्या नीलाबाईंच्या ओट्यावर बसले. त्या म्हणाल्या, "ते घर का सोडून राहिल्या बाई? दवाखान्याची बाई येणार कळलं तशी सिंधु तर सकाळपासून तुमची वाट बघून राहिली. चहाला दूध लई घेऊन ठेवलंय तिनं." मी मान खाली घालून त्यांची उत्तरं लिहून घेतली. तुझ्या घरापुढं लिहिलं, 'कुलूप'.

गेल्या आठवड्यात आमचे शिकवणारे गुरुपादप्पा सर कागद तपासत होते. "या घराच्या तीन भेटींच्या तारखा कुठं आहेत?" खोट्या तारखा जिभेवर आल्या होत्या, पण सगळं खरं सांगून टाकलं. वाटलं, गेली फेलोशिप. सर चांगलेच रागावले. मग म्हणाले, "नीलाबाईंचा कागद बाद. महिनाअखेरीपर्यंत त्या दहाव्या घरी जाऊन या, नाहीतर मी सही करणार नाही."

का टाळलं, ते तुला ठाऊक असेल. शेषेरावभाऊंना सोलापूरला हलवलं त्या सकाळी तू माझा हात धरून विचारलंस, "मालक जगतील न्हवं?" डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आशा नाही. तरी मी म्हणाले, "जगतील. तू इथंच थांब, सृष्टीला दूध पाज." तू माझ्या शब्दावर थांबलीस आणि त्यांची शेवटची भेट हुकली. तुला धीर द्यावा एवढंच मनात होतं, पण निर्णय तुझा होता आणि तो मी घेतला. ताई, मला माफ कर. दहा वर्षं हे दोन शब्द घेऊन फिरते आहे.

प्रश्न विचारण्याआधी एक मजकूर वाचून दाखवावा लागतो. तो इथंच लिहिते, म्हणजे तुला विचार करायला सवड मिळेल: 'उत्तर द्यायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे. नकाराचं कारण सांगावं लागणार नाही. नकार दिल्यानं तुमचं काहीही बिघडणार नाही.'

तुझं बिघडणार नाही, हे खरं आहे. माझं बिघडेल, आणि ते सरांच्या सहीपायी नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं येते. कागद पिशवीतच ठेवीन. आधी तू विचार, मी उत्तरं देईन, आणि या वेळी खरी देईन. सृष्टी सहावीत असेल ना? तिच्यासाठी मोहसीननं कोऱ्या वह्या बांधून ठेवल्या आहेत.

आणि दाराला खरंच कुलूप दिसलं, तर नियमाप्रमाणं तीनदा येईन.

तुझ्या उघड्या दाराला कुलूप लिहिणारी,
शबाना