वहिनींची यादी आणि कोंबड्यांचं पुस्तक

आदरणीय वहिनी,

नमस्कार. तुमची तब्येत विचारून लगेच त्याच ओळीत 'उत्तम असेलच' असं लिहून मोकळं व्हायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. यंदा ते वाक्य गाळलं आहे, कारण मला तुमची काळजी लागली आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. माझी कंबर स्टुलावरून उठताना कुरकुरते आणि ही मी स्टुलावर बसलो की कुरकुरते. (हे वाक्य हिने वाचलं आहे आणि खोडायला सांगितलं आहे.)

मुद्दा असा, की नवं वर्ष लागून जुनं व्हायला आलं तरी तुमची यादी आलेली नाही. तुम्हाला ती कार्डभर मजकुराची गोष्ट वाटत असेल, पण माझं अख्खं वर्ष तिच्यावर चालतं. मी मूळचा पुस्तकं शिवणारा माणूस. पानं जुळवायची, दोरा ओवायचा, पुठ्ठा चढवायचा, की पुस्तकाशी माझा संबंध संपला. तुम्ही लग्न होऊन घरात आलात आणि मी ताजं बांधलेलं एक पुस्तक हातात घेऊन विचारलंत, "भाऊजी, आत काय आहे हो?" मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "पक्की शिलाई आहे." तुम्ही हसला नाहीत. (दादा हसला. पुढे कितीतरी दिवस तो जेवताना मध्येच थांबून हसायचा.) तुम्ही चार पुस्तकांची नावं लिहून दिलीत आणि वर्षअखेरीला विचारीन, असा दम भरलात. तेव्हापासून दर वर्षी यादी येते आणि मी ती वाचून काढतो. शाळेला लवकर रामराम ठोकलेल्या माझ्यासारख्याला आज गिऱ्हाईक पुस्तक बांधायला टाकताना विचारतं, 'हे कसं आहे हो? वाचण्यासारखं आहे का?' तेव्हा माझी छाती फुगते. हे सगळं तुमचं देणं आहे, वहिनी. तोंडावर म्हणायला कधी जमलं नाही, म्हणून पत्रात म्हणून घेतो.

तर यादी येईना, म्हणून मी मित्रांपुढे हात पसरले. आमचा औषधवाला मित्र मनाचा उदार. त्याने एक पुस्तक सुचवलं आणि वर सांगितलं की जेवणानंतर दोनच पानं घ्यायची, उपाशीपोटी अजिबात नाही. घेतली. झोप इतकी छान लागली की पुस्तकाचं नावही आता आठवत नाही. वकीलसाहेबांनी तीन नावं दिली, पण हे आपलं अंतिम मत समजू नये आणि पुस्तक न आवडल्यास आपण जबाबदार नाही, हे इतक्या वेळा बजावलं की मला पुस्तकांचीच भीती वाटायला लागली. त्यातलं एक वाचून मी त्यांच्याशी चर्चा करायला गेलो, तर ते कान देऊन ऐकत बसले. शेवटी त्यांनी कबूल केलं की वाचायची फार दिवसांची इच्छा होती, आता तुझ्याकडून कळलं, बरं झालं. मला वाटतं जगात सुचवणारे उदंड आहेत. पुस्तक आधी स्वतः वाचून, समोरच्याचा स्वभाव ओळखून, मग नाव देणाऱ्या तेवढ्या तुम्ही एकट्या. (हिने सुचवलेलं पुस्तक वॉशिंग मशीनबरोबर आलेलं आहे. ते मी आधी वाचावं असं तिचं म्हणणं आहे.)

आता मन घट्ट करून पुढचं लिहितो. तुमच्या वाढदिवसाला मी हिरव्या कापडात बांधून पाठवलेली कादंबरी आठवते ना? तुम्हाला केव्हाची वाचायची होती ती. त्याच दिवशी एक कोंबडीवाला आपलं कुक्कुटपालनाचं जुनं पुस्तक बांधायला टाकून गेला होता. पानांचं माप सारखं, जाडी सारखी. सोनेरी नावं उठवलेले दोन्ही पुठ्ठे शेजारी शेजारी वाळत होते. हिने तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली, मी घाईत खळ लावली, आणि कादंबरीच्या पुठ्ठ्यात कोंबड्या गेल्या व कोंबड्यांच्या पुठ्ठ्यात कादंबरी. वर वजन ठेवून मी शांतपणे जेवायला बसलो.

हे मला कळलं ते कोंबडीवाला दुकानात परत आला तेव्हा. पुस्तक काखेत, चेहरा गंभीर. मी कातर बाजूला ठेवली. (सावध असलेलं बरं.) तो म्हणाला, "पन्नास पानं झाली तरी कोंबडी येईना. म्हटलं, पुढं येईल. मग त्या बाईचं काय होतंय ते कळेपर्यंत खाली ठेववेना. आता असंच दुसरं द्या." मी त्याचे आभार मानले, चहा पाजला, आणि तो गेल्यावर मटकन खाली बसलो. कारण वहिनी, तुम्ही फोनवर मला सांगितलं होतं की कादंबरी फारच सुरेख आहे आणि शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या पुस्तकाचा शेवट खुराड्यातल्या खताची विल्हेवाट कशी लावावी, हा आहे.

आधी मला हसू आलं. मग वाटलं, दिराचं मन राखलंत. मग तुमच्याकडे आलो होतो तो दिवस डोळ्यांपुढे आला. तुम्ही चहा कपाच्या शेजारी ओतलात आणि भांडं गळतंय म्हणालात. विजेचं बिल सूनबाईकडून वाचून घेतलंत, चष्मा सापडत नाही म्हणून. तो तुमच्या नाकावर होता. मी बावळट, बिस्किटं खात बसलो. तुम्ही यादी विसरला नाहीत, वहिनी. तुम्हाला दिसत नाही, आणि न वाचलेलं पुस्तक सुचवणं तुमच्या स्वभावात नाही.

आणि कुणाला सांगत का नाही, तेही मला ठाऊक आहे. दादा 'दोन दिवसांत येतो' म्हणून दवाखान्यात गेला आणि आला नाही. त्यानंतर तुम्ही दवाखान्याची पायरी चढला नाहीत. मीही त्या रस्त्याने जाणं टाळतो. पण हिचा मोतीबिंदू काढला तेव्हा सकाळी गेलो होतो आणि दुपारच्या चहाला घरी होतो. पट्टी निघाल्यावर हिने पहिली गोष्ट पाहिली ती माझ्या कपाटावरची धूळ. दृष्टी उत्तम आल्याचा त्याहून मोठा दाखला डॉक्टरही देऊ शकले नसते.

तुम्ही मला वाचायला लावलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. ते मानले आहेत असं समजावं. घरात सर्वांना आठवण सांगा.

तुमचा,
अधूनमधून का होईना, पण ऐकणारा दीर

ता. क. यादीची घाई नाही. हिच्याच डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात तुमचं नाव नोंदवलं आहे. तुमच्यासोबत आम्ही दोघं येऊ, मी दाराशीच बसेन. पट्टी निघेपर्यंत मुक्काम आमच्याकडेच, आणि रोज तुम्हाला खरी कादंबरी वाचून दाखवीन. माझे उच्चार तेवढे सांभाळून घ्या.

ता. क. २. सूनबाई, हे पत्र तूच मोठ्याने वाचत असणार, म्हणून हे तुला. एकही ओळ गाळू नकोस. त्या मध्येच रागावतील आणि म्हणतील, "आण इकडे, माझं मी वाचते." तर खुशाल दे त्यांच्या हातात आणि शेजारी बसून राहा. हसू नकोस, मदतही करू नकोस. थोड्या वेळाने त्या आपणहून पत्र तुला परत देतील. मग त्यांची बॅग भरायला घे.