गोधडीचा चौथा कोपरा

नागपूर, १२ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
तुझ्या मांडीवर डोकं ठेवून शिवप्रियाचा नमस्कार.

गोधडी पोचली. इथं थंडी लई आहे, पण आता माझी काळजी करू नकोस. हॉस्टेलच्या पोरी गोधडीवर हात फिरवून बघतात. गोधडीला उपाशी ठेवू नये म्हणून आई कोपऱ्यात भाकरीचा घास शिवते, असं सांगितलं तर सगळ्या हसल्या. मग एकीनं हळूच विचारलं, "मलाबी एक शिवून देतील का गं?"

बांधावरची बोरं पिकली का? विहिरीवर सुगरणीची घरटी अजून आहेत का? अप्पा वेळेवर जेवतात ना?

आता एक सांगते, रागावू नकोस. गोधडीच्या तीन कोपऱ्यांत टाके मुंग्यांच्या रांगेसारखे आहेत. चौथ्यात मात्र ते लांब लांब आणि वाकडे गेलेत. म्हणून परवा फोनवर डोळ्यांचं विचारलं, तर म्हणालीस, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? रोज दुपारी आपलं पाखरांचं पुस्तक वाचते की."

आई, ते पुस्तक चुकून माझ्या पेटीत आलंय. जूनपासून इथंच आहे.

शनिवारी मी घरी येते. सोमवारी दोघी मिळून भूमला डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ. न्हाय म्हणायचं न्हाय.

अक्षर मुद्दाम एवढं मोठं काढलंय, चार कागद लागले. तरी दिसलं न्हाय तर अप्पांकडून वाचून घे. पण मला "मीच वाचलं" म्हणून सांगू नकोस.

तुझीच,
शिवप्रिया