सोमवारची तार

१२ नोव्हेंबर २००३, बुधवार

दादाला जाऊन आज दहा दिवस झाले. सकाळी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. गर्दी होती. अकराला घरी. साडेबाराला पोस्टमन रजिस्टर पाकीट देऊन गेला. भाग्यश्रीचं, दादाच्या मुलीचं. दादा नट. दोन वर्षं स्वतःच्या आयुष्याचं पुस्तक लिहीत होता. तो जाण्याआधी ते पुरं झालं. पहिल्या चार प्रकरणांची प्रुफं आली आहेत. सोबत चिठ्ठी – 'काका, लहानपणचं तुमच्याशिवाय आता कुणालाच माहीत नाही. नावं, सालं तपासा. चूक दिसेल तिथे सरळ लाल पेनने दुरुस्त करा. महिनाअखेर परत हवं.'

पाकीट कपाटावर ठेवलं. जेवलो नाही.

१३ नोव्हेंबर

उघडलं नाही.

१५ नोव्हेंबर

आज उघडलं. दादा बोलायचा तसंच लिहिलंय. वाचताना आवाज येतो.

वडील रेल्वेत गँगमन. लाईनीकडेची एक खोली, त्यात आम्ही चौघं. वडिलांचा जलसा होता. आठवडाभर रुळावर घण मारायचे आणि सुट्टी मिळाली की गावोगाव गाणी म्हणत, बाबासाहेबांचं सांगत फिरायचे. जलशात बाईचं सोंग घेणारा गडी एकदा तापाने पडला. आईचं लुगडं नेसून दादा उभा राहिला. बारा वर्षांचा. लोकांना ओळखू आला नाही, पण पुढे बसलेली आई मधूनमधून ओरडत होती – "आरं कोंडिबा, वर धर की, माझं तेवढंच एक धड हाय!" सगळा मंडप हसला. दादाने लिहिलंय – तो माझा पहिला हशा आणि तो आईने मिळवून दिला.

हे मी विसरलो होतो. एकटाच हसलो.

दोन चुका सापडल्या. रेल्वे इन्स्टिट्यूटची नाट्यस्पर्धा अठ्ठावन्न साली झाली, सत्तावन्न नाही. आणि आमच्या खोलीला खिडकी नव्हती. त्याने खिडकी लिहिली आहे!

संध्याकाळी लालमहंमद आला. मी तार ऑफिसात असताना तो तारा वाटायचा. अजून मला तारमास्तरच म्हणतो.

"तारमास्तर, बुकात आमचं नाव हाय का न्हाई?"

"अजून तिथवर आलो नाही."

"बघा हां. त्येंच्या लग्नाच्या तारा पंक्चर सायकल ढकलत वाटल्यात म्या." चहा प्यायला. मग म्हणाला, "लई मोठा मानूस. पर आईच्या मातीला न्हाई आला. तेवढं एक ऱ्हायलं बगा."

मी कप उचलून आत नेले.

१७ नोव्हेंबर

पान एकेचाळीस. चौथ्या ओळीपासून लिहून काढतो.

'आई दौंडला धाकट्याकडे होती. ती अत्यवस्थ असल्याची त्याची तार मला सोमवारी नागपूरला मिळाली. पुढचे चार प्रयोग लागलेले होते. मी गेलो नाही. गुरुवारी आई गेली. आयुष्यात टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पण हे एक माझ्या नावावर कायमचं राहिलं.'

तीन वेळा वाचलं. पेन हातात होतं.

१८ नोव्हेंबर

सोमवारी तार गेलीच नव्हती.

२० नोव्हेंबर

एवढी वर्षं कुठेही लिहिलं नाही. आज लिहितो.

फेब्रुवारी १९७४. आई तीन महिने माझ्याकडे पडून. तिचं हगणंमुतणं मीच काढायचो, तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. ऑफिसातून धावत यायचं, पेज भरवायची, परत जायचं. आणि ती दर घासाला विचारायची – "कोंडिबा आला का रं?" दादा महिन्याला मनीऑर्डर करायचा. यायचा नाही असं नव्हतं, पण पाहुण्यासारखा यायचा.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, मोठ्याला बोलवा. दुपारी मी टेबलावर फॉर्म भरला. मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. माझ्याच हाताने ठोकायची तार! दुसऱ्यांच्या असल्या तारा मी हातातलं काम बाजूला सारून पाठवायचो. ही खिशात घातली. मनात आलं, तो आला की ती माझ्याकडे वळूनही बघणार नाही. दोन दिवस तरी ती माझी असू दे. डॉक्टर आठवडा म्हणाले होते.

गुरुवारी पहाटे गेली. "कोंडिबा" म्हणूनच गेली.

आठ-वीसला मी दुसरी तार केली, मदर एक्स्पायर्ड. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ खरीच टाकली. हाताला तीच सवय. संध्याकाळी गावी नेलं. मामांनी विचारलं, "कोंडिबाला कळवलं न्हाई का?" मी म्हणालो, "सोमवारीच तार केली, मामा. सीरियस आहे म्हणून." तोंडातून निघून गेलं. नंतर परत घेता आलं नाही.

दादा शनिवारी आला. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "सोमवारी तार ग्येली आन् तू शनवारी उगवलास व्हय? तोंडाचा रंग पुसायचा ऱ्हायला हुता का?"

त्याला मिळालेली एकच तार, माझी गुरुवारची, त्याच्या खिशात होती, तारीख-वेळेसकट. दौऱ्यावरचा माणूस, प्रयोगांच्या शेकडो तारा वाचलेला. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मी तांब्या भरत होतो. मग मामांच्या पाया पडला.

"चुकलं मामा."

बास. जलदान विधीला चार दिवस राहिला. मला काही विचारलं नाही. पुढेही कधी नाही. आणि आता हे छापून ठेवलं – अजून माझ्यासाठीच!

२३ नोव्हेंबर, रविवार

गावी विहारात दादाची शोकसभा. न्हावऱ्यामार्गे शिरूरच्या यष्टीने गेलो. सरपंच बोलले, शाळेचे हेडमास्तर बोलले. राज्य पुरस्काराचा फोटो मोठा करून लावला होता. मला दोन शब्द बोला म्हणाले. हात जोडले आणि खाली बसलो.

नंतर धुरपदाकडे चहाला. मामांची मुलगी, आता सत्तरीची. तिने सभेला पाऊल टाकलं नाही.

"समदी टीव्हीवर त्याला बघायची. त्यो खोट्या आईपाशी रडाया लागला की मी टीव्ही बंद करायची. म्हनलं, हितं खरी हुती तवा कुठं ग्येलं हुतं पानी?"

"अक्का, तसं नव्हतं."

"मग कसं हुतं?" बशी खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "सांग की. तूच तार केली हुतीस न्हवं?"

"केली होती."

"मग! तुझं भलं व्हईल बाबा. तू सेवा केलीस."

येताना आग्रहाने शेंगा बांधून दिल्या. घेतल्या.

२४ नोव्हेंबर

दादाच्या पुण्यातल्या दवाखान्यातलं सारखं डोळ्यांसमोर येतं. ऑक्टोबर. खोलीत आम्ही दोघंच. दादाने डोळे मिटलेले, मला वाटलं झोपलाय. म्हणाला, "कायतरी बोल की रं." घरची बोली. पुण्यात तो असा बोलायचा नाही.

मी म्हणालो, "औषध घेतलंस का?"

हो म्हणाला. पुन्हा डोळे मिटले.

किती सोपं होतं. दार लावलेलं होतं.

२६ नोव्हेंबर

प्रुफाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं – 'सोमवारी तार केली नव्हती.' खोडलं. परत लिहिलं. 'चूक धाकट्या भावाची.' खोडलं. कागद तिथे पातळ झालाय.

या गावात अठ्ठावीस वर्षं लोक माझ्या हातात जन्ममरणाचे निरोप देत आले. रस्त्यात अजून नमस्कार करतात.

२८ नोव्हेंबर

पाकीट रजिस्टर केलं. साल दुरुस्त, खिडकी काढली, मामांच्या नावातला एक काना. एकेचाळीस नंबरच्या पानाला हात लावला नाही. शेवटी लिहिलं – 'तपासले. बाकी बरोबर.' खाली सही.

६ डिसेंबर

सकाळी चौकात अभिवादनाला गेलो. लालमहंमदने वाटेत अडवून विचारलं, "न्हाई ना आलं आमचं नाव?"

"नाही."

"जाऊ द्या. नटाला तारवाला कशाला ध्यानात ऱ्हातोय!"

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी भाग्यश्रीचा फोन. पहिल्या चार प्रकरणांची छपाई काल झाली. 

"काका, एक सांगायचं राहिलं. आजीच्या तारेची ओळ बाबांनी पाच-सहा वेळा बदलली होती. शेवटी म्हणाले, 'ही आहे अशी धाकट्याकडे जाऊ दे. त्याने बदलली तर तो लिहील तसं छाप, एक अक्षर फिरवू नकोस. नाही बदलली तर माझी राहू दे. आणि त्याला आधी काही सांगू नकोस.' मी सांगितलं नाही. तुम्ही पान तसंच पाठवलंत, म्हणजे बरोबर असणार. आहे ना काका?"

"आहे," म्हणालो.

तिला बरं वाटलं. मला जानेवारीत प्रकाशनाला बोलावलंय, पहिल्या रांगेत.

१५ डिसेंबर

सकाळी सात वाजता मीच फोन लावला. सगळं सांगितलं, खिशातल्या फॉर्मसकट.  ती म्हणाली, "पण काका, आता पानं छापून झालीत."

"ठाऊक आहे," म्हणालो. "तुला सांगायचं होतं. आता धुरपदाकडे जायचंय, तिलाही हेच सांगायला."

तिने फोन ठेवला. मी ठेवला.

शिरूरची यष्टी दीडला, तोवर वेळ होता. घरात पीठ नव्हतं. ज्वारी निवडली, डबा घेऊन गिरणीत गेलो. माझ्यापुढे चार डबे होते. थांबलो.