एकतीस नावांची विहीर

पाली, जि. बीड
४ मार्च २०१३

प्रिय बंकट,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर फादर बर्नार्ड म्हणून शिक्का आहे, पण मी तुला बंकटच म्हणणार. ज्याचा शेंबूड या पदराने पुसला त्याला फादर म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि आज तर वळायलाच नको. कावून ते शेवटी कळेल. आधी सगळं नीट बसून वाच. सकाळच्या मिस्सेच्या उपासनेची घाई असेल तर पत्र बाजूला ठेव आणि दुपारी वाच.

इकडचं विचारशील तर सांगण्यासारखं काही नाही. बिंदुसरेच्या धरणात गाळाला भेगा पडल्या आहेत, पोरं तिथं क्रिकेट खेळतात. टँकर पाचव्या दिवशी येतो. अंगणवाडीतून सुटले त्याला दोन वर्षं झाली, तरी टँकर आला की बाया मलाच पुढे उभी करतात, कारण मी ओरडते आणि ड्रायव्हर घाबरतो. गुडघे गेले, तोंड शाबूत आहे. सून म्हणते, आत्याबाई, तुमचं तोंड विमा काढून ठेवण्यासारखं आहे. बोलते बिचारी खरं.

आता तुझ्या पत्राकडे येते. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी आपल्या गावच्या विहिरीवर मिस्सा ठेवलीस. बिशप येणार, मांडव पडणार. विहिरीच्या संस्थेचे चेअरमन सुंदरराव हात जोडून वस्तीपुढे उभे राहणार, आणि मी, राफाएल मास्तरांची लेक, बाच्या वतीने त्यांना क्षमा करून त्याच विहिरीचं पाणी माझ्या हाताने त्यांना पाजणार. शिवाय त्या दिवशी संस्थेतर्फे वस्तीला त्याच विहिरीचं दोन टँकर पाणी. समेट म्हणजे काय ते जगाला दिसेल, आक्का, मन मोठं कर, असं लिहिलंस. तुझं अक्षर फार सुंदर झालं आहे. वाचून माझं डोकं तडकलं.

आपण खणलेल्या विहिरीचं पाणी आपल्याला टँकरने, तेही एका दिवसापुरतं. आणि ते उपकार म्हणून. बंकट, सेमिनरीत अकरा वर्षं तुला काय शिकवलं रे? माणसाची प्रतिष्ठा, श्रमाचा मान, गरिबाचा पहिला हक्क, हे सगळं तू प्रवचनात इतकं छान सांगतोस की बाया डोळ्याला पदर लावतात. मग चाळीस वर्षं सुंदररावांच्या मोसंबीला जाणारं पाणी तुला कधी दिसलं नाही का? की बागेतून चालत जाताना सावली बरी वाटली?

तू तेव्हा सहा वर्षांचा होतास, तुला ऐकीव तेवढंच माहीत. म्हणून पहिल्यापासून सांगते. बहात्तरच्या उन्हाळ्यात दाढीवाल्या फादरांनी ती विहीर काढली. दोन वर्षं आभाळ कोरडं होतं. मिशनकडून मजुरीत गहू आणि तेलाचा डबा मिळायचा. आपल्या वस्तीतले एकतीस जण खणत होते. बाया टोपल्यांनी गाळ काढायच्या, मीही काढला, डोक्यावरचे केस चुंबळीखाली झडून गेले होते. सुरुंगाच्या दगडाने बाचं एक बोट गेलं, ते तुला आठवतं. फादर म्हणायचे, ही भीक नाही, ही तुमची विहीर. साठ दिवस खणेल त्याचा एक हिस्सा, म्हणजे तो विहिरीच्या पाणीसंस्थेचा सभासद. जागा तेवढी सुंदररावांनी दिली, बांधाकडची खडकाळ, आणि त्याबद्दल ते संस्थेचे चेअरमन झाले. आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. तोवर पाणवठ्यावर आपण घागर खाली ठेवून लांब उभं राहायचो आणि कुणाला दया आली की तो वरून ओतायचा. आता आपल्या हाताने शेंदायला मिळणार, एवढ्यावर आम्ही खूश होतो.

पाणी लागलं त्या दिवशी फादरांनी सगळ्यांना एकेक पोहरा शेंदून दुसऱ्याला पाजायला सांगितलं. बाने पहिली ओंजळ सुंदररावांपुढे धरली. ते हसून म्हणाले, आज चतुर्थी हाय, लिंबागणेशाचा उपास हाय, पाणीबी घेत न्हाई. बा म्हणाला, बरं जी, देवाचं आधी. चतुर्थीच्या उपासाला पाणी चालतं हे मला फार पुढे कळलं.

मग सभासदांची यादी करायचा दिवस आला. गावात बाला सगळे रामक्या म्हणायचे, पोरंसोरंसुद्धा. चर्चमध्ये मात्र बाप्तिस्म्याच्या नावाने तो राफाएल मास्तर होता. कारकुनाने नाव विचारलं तेव्हा बा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, राफाएल. त्याच्यामागे सगळ्यांनी तेच केलं. पेत्र, पौल, लाजरस, अन्ना. जन्मात पहिल्यांदा कुणी खुर्चीवर बसून त्यांना नाव विचारत होतं, मग त्यांना आपलं मानाचं नाव सांगावंसं वाटलं. यात त्यांचा काय गुन्हा होता? पण मतदारयादीत, रेशनकार्डावर, तलाठ्याच्या दप्तरात हे सगळे रामकिसन, गहिनीनाथ, छबुबाईच होते. ही चूक फक्त आपलेच लोक करू शकले असते.

दसऱ्यानंतर वस्ती ऊस तोडायला गेली. माय आणि बा कोयता घेऊन गेले, दाढीवाल्या फादरांचा व्हिसा संपला म्हणून ते त्यांच्या देशी गेले. मागे म्हातारी माणसं, मी आणि तू. कुणीतरी वर अर्ज केला की यादीतली माणसं गावात नाहीतच, नावं बोगस आहेत. कुणी केला ते सांगायला नको. पौषात चौकशीला साहेब आला, नावं खोटी ठरली, एकतीसच्या एकतीस रद्द झाली आणि विहिरीच्या पंपघराला सुंदररावांचं कुलूप लागलं ते आजतागायत आहे.

यापुढचं सगळी वस्तीच तुला सांगत असते. बा चैत्रात परत आला तेव्हा लोक त्याच्या दारात येऊन शिव्या देऊन गेले. तुझ्या त्या राफाएलनं आमचं वाटोळं केलं म्हणाले. नऊ घरांनी चर्च सोडलं. बा सात वेळा बीडच्या कचेरीत गेला, आठव्या वेळी त्याला चौकशीच्या कागदाची नक्कल मिळाली. तरी त्याने धर्मशिक्षणाचा वर्ग कधी बंद केला नाही. समोर चार पोरं असली तरी प्रश्नोत्तरी घ्यायचा, अक्षर येत नव्हतं पण सगळी तोंडपाठ होती. चोरी केल्यावर नुसतं वाईट वाटून भागतं का? न्हाई. कबूल कराया पायजे. कबूल करून भागतं का? न्हाई. ज्याचं घेतलं त्याला परत द्याया पायजे. तूही ते घोकलं आहेस. मग सुंदररावांसाठी शेवटचा प्रश्न कावून गाळलास? म्हातारा आहे, अंगावरून वारं जाऊन सावरला आहे, म्हणून? त्या एकतीस जणांना आणि त्यांच्या वारसांना सभासद करून घ्या, कुलपाची किल्ली वस्तीला द्या, मग हात जोडा. मिस्सेत आपण शांती देतो तीही लांबून हात जोडूनच देतो, त्यात कुणाला शिवावं लागत नाही. त्यांना ते सोयीचंच पडेल.

हे सगळं लिहून तुला झोडपून पत्र संपवायचं असं मी ठरवलं होतं. उपवासकाळ लागला त्या राखेच्या बुधवारपासून दोनदा तसं लिहून फाडलं. कारण तुझ्या पत्रात एक ओळ आहे. तू लिहिलंस, सुंदरराव रडले आणि म्हणाले, सुभद्रा येणार असंल तरच मी येतो. तुला वाटलं म्हाताऱ्याचं मन पाझरलं. मला कळलं, त्याला सोबत पाहिजे.

त्या पौषात तुला हगवण लागली होती. डबक्यातलं पाणी प्यायला होतास. डोळे खोल गेले, जीभ लाकडासारखी झाली, पाय धरले तर तुला कळत नव्हतं. दवाखान्याच्या सिस्टर म्हणाल्या, चांगलं पाणी उकळून मीठ-साखर घालून पाजत राहा, नाहीतर पोरगं जाईल. चांगलं पाणी एकाच ठिकाणी होतं आणि तिथं सुंदररावांचा गडी बसलेला. मी दोनदा गेले, दोनदा हाकललं. तिसऱ्या दिवशी सुंदरराव स्वतः आपल्या दाराशी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरून बोलले. पोरगं लई आजारी हाय म्हणं. रोज दोन हंडे घेऊन जात जा. गुरुवारी साहेब येतील, इचारतील राफाएल कोण, पेत्र कोण. ठाव न्हाई म्हणायचं. त्यात खोटं काय हाय? गावात कुणाला ठाव हाय? एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही.

गुरुवारी साहेब आला. वस्तीत लिहिता-वाचता येणारी मी एकटीच होते. त्याने यादी वाचली आणि विचारलं, यातलं कुणी इथं राहतं का. पहिलं नाव बाचं होतं. मी म्हणाले, न्हाई जी. सगळी एकतीस नावं त्याने वाचली आणि एकतीस वेळा मी न्हाई म्हणाले. शेवटून दुसरं माझं स्वतःचं होतं, मार्था. तेव्हाही न्हाई म्हणाले. मग जबाबाखाली सही केली, सुभद्रा रामकिसन. सिस्टरांनी वर्षभर हात धरून मला ती सही शिकवली होती. साहेब म्हणाला, मुलीचं अक्षर चांगलं आहे.

बाने कचेरीतून नक्कल आणली तेव्हा ती वाचायला माझ्याच हातात दिली. भर दुपारी लिंबाखाली बसलो होतो. मी वाचलं, सदर नावाच्या व्यक्ती गावात वास्तव्यास नसल्याचे चौकशीअंती आढळून आले. बा म्हणाला, कुणी सांगितलं गं असं? खाली सही होती. मी म्हणाले, लिव्हलं न्हाई. त्याने कागदाची घडी करून पवित्र शास्त्रात ठेवली. मरेपर्यंत त्याला वाटत राहिलं की कारकुनाने लबाडी केली. वस्तीच्या शिव्या त्याने माझ्या वाट्याच्या खाल्ल्या, बंकट, आणि शेण मी खाल्लं होतं. त्याला माती दिली त्या दिवशी तू वेदीवरून मास्तरांच्या निष्ठेबद्दल बोललास. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते.

यातलं काहीही तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. तू वाचलास याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बहुतेक न्हाईच म्हणेन. तीन वेळा पापनिवेदनाला गुडघे टेकले आणि तिन्ही वेळा लहानसहान पापं सांगून उठले, ती याचमुळे. ज्याचा पश्चात्ताप धड होत नाही ते सांगायचं कसं? पत्रातून पापनिवेदन होत नाही हे मलाही ठाऊक आहे. तू क्षमा करावीस म्हणून मी लिहीतही नाही. क्षमा करायचा हक्क तुला नाही, कारण ते पाणी तू प्यालास. मलाही नाही. ज्यांना तो आहे त्यांतली अठरा माणसं मातीत गेली, उरलेली टँकरची वाट बघत बसली आहेत.

म्हणून हे पत्र लिहिलं. मी त्या रविवारी येईन. पण सुंदररावांना पाणी पाजायला मला उभी करू नकोस. वस्ती एका बाजूला आणि सुंदरराव दुसऱ्या बाजूला उभे राहतील, तेव्हा मला त्यांच्या शेजारी जागा ठेव. क्षमेचं पुढचं पुढे, आधी संस्थेचा ठराव आणि किल्ली मागून घे, नाहीतर मांडव घालू नकोस. बाच्या शास्त्रातली ती नक्कल सोबत पाठवते आहे, कागद चुरला आहे, जपून उघड. बिशपांच्या आधी, गाणं सुरू व्हायच्याही आधी, तू ती माइकवर वाचायचीस. एकतीस नावं वाच. त्याच्याखाली एक सही आहे. बाला मी ती वाचून दाखवली नव्हती. तू वाच.

तुझीच आक्का,
मार्था राफाएल