जे तपासणीला परत आलेच नाहीत

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळी सांगलीच्या माझ्या ओपीडीत तुमचा तो संशोधनाचा पेपर पुन्हा समोर आला. हाताखालच्या नव्या डॉक्टरने तो मोबाइलवर उघडून धरला. टेबलापलीकडे कडेगावकडची बाई बसलेली, तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेली, आता रेडिएशन द्यायचं, ज्याला आपली माणसं शेक म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, मोठा डोस देऊन कमी दिवसांत संपवू या. हा पेपर जगभरात किती जणांनी संदर्भाला घेतलाय बघा." मी आकडा बघितला आणि डोकंच फिरलं माझं. त्याच्यावर नाही, तुमच्यावर.

तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच जास्त संताप येतो. साताऱ्याला तुमच्या घरी, स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून तुम्ही स्वतः चहा गाळत होता आणि सांगत होता, की कोयनानगरहून, कडेगावहून आलेली माणसं आठवडेच्या आठवडे हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पथारी टाकून राहतात, तिकडे ऊस तोडायला आलेला असतो, आणि शेक अर्धवट टाकून निम्मी पळून जातात. शेक लवकर उरकला तर ती पुरा करून घरी जातील. मी कप हातात धरून ऐकत राहिले. चहा गार झाला. असा गुरू मिळाला म्हणून मी भारावून गेले होते.

मग असा कमी दिवसांचा शेक दिलेल्या पेशंटचे निकाल जुळवायला बसलो, तर काही जण तपासणीला परत आलेच नव्हते. "संपर्क तुटला, असं लिही," तुम्ही म्हणालात. मला राहवेना. दोन रविवार मी एसटीने हिंडले. कडेगावजवळच्या एका वस्तीवर एक म्हातारे आजोबा गोठ्यात वैरण टाकतायत. मी विचारते, आजी कुठायत? "आवं डॉक्टरीणबाई, ती गेली की दिवाळीच्या आदी. शेकानं तोंडच उघडंना झालं तिचं. चमचा सुदिक आत जाईना." मग परत का आणलं नाही, असं मी विचारते. ते वैरण खाली ठेवतात. "उपाशी मेली वो ती. तुमच्याकडं कशापायी आणायची? आणिक शेक द्यायला?" कोयनानगरला धरणावर नोकरी केलेले एक गृहस्थ जिवंत होते, पण शेकाने जबड्याचं हाड सडून गालाला भोक पडलेलं. माझ्यासमोर त्यांनी तोंडावर टॉवेल धरला तो शेवटपर्यंत काढला नाही, आणि हाताने खूण करून बायकोला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

हे सगळं वहीत लिहून मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही दोन पानं चाळलीत आणि वही माझ्याकडे सरकवलीत. "तू डॉक्टर आहेस का तलाठी? पंचनामे करत फिरतेस?" मी म्हणाले, सर, ही माणसं हरवलेली नाहीत, मी भेटलेय त्यांना. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "मी नाही भेटलो."

बस्स, एवढंच. तीन शब्दांत तुम्ही त्या आजींना पुसून टाकलंत. पेपर छापून आला, तुम्ही परदेशांत भाषणं दिलीत. तुमच्या शोकसभेला साताऱ्याचं सभागृह भरलं होतं. फौजी बापाचा पोरगा कुठल्या कुठे गेला, म्हणून लोक डोळे पुसत होते. वक्ते एकामागून एक तुमच्या संदर्भांचे आकडे वाचत होते आणि मी मागच्या रांगेत मुठी आवळून बसले होते. तुम्ही मेलात म्हणून सुटलात, सर. तो पेपर सुटला नाही. तो अजून कुठेतरी कुणाचं तरी तोंड कायमचं मिटवत असेल.

आज सकाळच्या त्या बाईला मी जुन्याच पद्धतीने, पूर्ण मुदतीचा शेक लिहून दिला. "लय दिवस होत्यात वो, बाई," ती म्हणाली. तिची आणि तिच्या नवऱ्याची राहायची सोय मी धर्मशाळेत लावून दिली. ती गेल्यावर त्या पोरसवदा डॉक्टरला वही दाखवावी असं मनात आलं, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "पण मॅडम, ह्या पेपरवर दुसरं नाव तुमचंच आहे ना?" मी हो म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं.

ज्या नियतकालिकाने तो पेपर छापला, त्याच्या संपादकांना लिहायला म्हणून मी आज बसले होते. त्यांच्या कागदावर अजून एक ओळ नाही, आणि तुम्हाला मात्र एवढं लिहून झालं. सगळा दोष तुमच्या माथी मारून इथेच थांबता आलं असतं. पण त्या दिवशी मी वही उचलून निघाले, तेव्हा तुम्ही मागून अगदी शांतपणे विचारलं होतंत, "पटत नसेल तर तुझं नाव काढू का?" माझा नोकरीचा अर्ज गेलेला होता, त्यात हा पेपर माझ्या नावावर दाखवलेला होता. मी दारातच थांबले, आणि मागे न वळता म्हणाले, "नको सर, राहू द्या."