दारातली ट्रंक

खालची वाडी, औंध
३ एप्रिल २०२५

ती. थोरले भाऊजी यांस,
संयोगिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत? शाळू मळून झाला, दाणा पांढराशुभ्र आलाय. तुमची पोती बाजूला काढलीत. फोनच लावला असता, पण फोनवर तुम्ही हुकूम देता आणि ठेवून देता. कागदावर मला मधे कोणी तोडत नाही.

तुमचा निरोप पोचला. यात्रेआधी ऋषिराजला सांगलीला धाडायचं, तुम्ही त्याला कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून चिकटवणार, आणि आम्ही गावात सांगायचं, सुट्टी संपली, पोरगं युनिटला गेलं.

कुठली सुट्टी, भाऊजी? गेल्या पावसाळ्यात तो ट्रेनिंगमधून परत आला. झोप नव्हती, हात थरथरायचे. डॉक्टरांनी अनफिट लिहून घरी पाठवला. चोरी करून आला नव्हता. पण आपल्या घरात आज्यापासून फौज, म्हणून तुम्ही त्याची काळी ट्रंक दारात मांडायला लावली, आल्यागेल्याला सुट्टीवरचा जवान दिसावा म्हणून. ट्रंक दारात आणि पोरगं माळ्यावर. पाहुणे आले की हे त्याला कोंबडीच्या पिलागत डालग्याखाली झाकायचे. एवढी लांब सुट्टी जनरलला मिळत नाही, हे शेंबड्या पोरांनाही कळत होतं. आपणच तेवढे खुळे. मला त्या ट्रंकेचा लय राग यायचा.

मंगळवारी यमाईच्या देवळात आमचं भजन असतं. एकदा त्याला ओढतच नेला. म्हटलं, नुसता टाळ धर. आरती झाल्यावर भाऊसो तात्या, आपले फौजेतले म्हातारे हवालदार, सहज बोलले, "सुट्टी किती रं राहिली?" पोराचा चेहरा उतरला. मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "सुट्टी न्हाई तात्या. मला परत पाठवलंय. माझं डोकं बिघडलं हुतं."

तात्यांनी टाळ खाली ठेवले. म्हणाले, "मीबी डोक्याच्याच दवाखान्यात हुतो लेका. घरच्यांनी मलेरिया सांगितला. जन्मभर त्यो मलेरिया वागवला. यमाईआईपुढं आता खोटं नको." आणि म्हातारं रडलं. मग आमच्या मंडळातली मनुबाई म्हणाली, "माझा जावई दुबईला न्हाई. जेलात हाय." त्या दिवशी प्रसादाचा शिरा गार झाला, कोणाला आठवणच राहिली नाही. निघताना तात्या एवढंच म्हणाले, "फुडच्या मंगळवारी ये. पखवाज शिकवतो."

आता पोरगं खाली येऊन जेवतं. त्याच्या गोळ्या देव्हाऱ्याशेजारी उघड्यावर असतात. हात अजून थरथरतात, खोटं कशाला सांगू. पण पखवाजावर पडले की थांबतात. हेही मागच्या मंगळवारी देवळाच्या पायरीपर्यंत आले होते.

तेव्हा ऋषिराज सांगलीला येणार नाही. पालखीचा पहिला खांदा फौजींचा, ही गावची रीत मी मोडत नाही. पण मागनं भजनी मंडळ असतं, त्यात तो वाजवत चालेल, सगळ्या गावादेखत, आणि मी त्याच्या शेजारी. घराची इभ्रत जाते म्हणता. माळ्यावर पोरगं कोंडून जी राहते, ती इभ्रत मला नको.

ट्रंक मी दारातून उचलली. मंडळाचे टाळ ठेवायला देवळात दिली. वरचं नाव पुसायला रंगाचा डबा घेऊन बसले होते, तर पोरगंच म्हणालं, "असू दे आई. नाव माझंच हाय की."

यात्रेला या. तुमच्या खांद्याचा मान कोणी घेतलेला नाही. फक्त कोणी विचारलं, पुतण्या कुठं असतो, तर मागं बोट दाखवून खरं सांगायचं. तेवढं जमत नसेल, तर यंदा शाळू सांगलीला पोच करते.

तुमची भावजय,
आणि कायमचा घरी आलेल्या ऋषिराजची आई,
संयोगिता